तीन ठिकाणी तुटलेली रेघ

आमच्या सौभाग्यवतीच्या थोरल्या मामांनी भारत देशाच्या कर्जाचा जेवढा घोर घेतला, तेवढा आजवरच्या एकाही अर्थमंत्र्याने घेतला नसेल, हे मी बारामतीच्या भर चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. बरं, देशावर कर्ज किती आहे याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. "आसंल तेवढं आसंल, घेतलंय तर फिटंल," म्हणायचे. त्यांचा जीव टांगलेला असायचा तो ते कर्ज मोजलं कसं, यावर. उभी हयात पुण्याला ट्रेझरीत काढून मामा निवृत्तीनंतर कन्हेरीला येऊन राहिले, तेव्हा गावाला वाटलं की आता हे भावाबरोबर उसाला पाणी देतील, संध्याकाळी पारावर बसतील. मामांनी पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत एक लांबलचक टेबल करून घेतलं, त्यावर अर्थसंकल्पाच्या जुन्या पुस्तिकांची चळत रचली आणि स्वातंत्र्यापासूनच्या सरकारी कर्जाची रेघ आलेखाच्या कागदावर काढायला घेतली. एक कागद संपला की त्याला खळीने दुसरा चिकटवायचा. ती रेघ पुरी व्हायला नऊ वर्षं लागली.

मामा कुठलाही कागद खालून वर वाचायचे. "वरचं समदं नटवलेलं आसतं. खरं काय ते तळटिपंत," हा त्यांचा सिद्धांत. औषधाची बाटली असो, विजेचं बिल असो, नाहीतर कुणाच्या मुंजीची पत्रिका असो, आधी उलटी धरून तळाशी काय आहे ते बघायचे आणि मग नाइलाजाने वर सरकायचे. आमच्या लग्नाची पत्रिका हातात पडली तेव्हा सगळ्यांनी वरचा गणपती पाहिला, नावं पाहिली, मानपान नीट झालाय का ते पाहिलं. मामांनी थेट सासऱ्यांना फोन लावला. "मुहूर्त बारा पस्तीसचा छापलाय. घड्याळ कुणाचं धरायचं, तुमचं का भटजींचं? तळाला तसं काय ल्हिलेलं न्हाय." लग्नाच्या दिवशी ते दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधून अंतरपाटाजवळ उभे होते. दोन्हींत चार मिनिटांचा फरक होता. आजही माझं लग्न नक्की किती वाजता लागलं, हे मला कुणी विचारलं तर मी विषय बदलतो.

त्यांच्यापुढे आकडा उच्चारायची आमच्या घरात चोरी होती. आमची मुलगी लहान असताना एकदा तिला ताप भरला. हिने घाबरून मामांना फोन केला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, की काल शंभर होता, आज एकशे एक झालाय. झालं! मामा म्हणाले, "काल काखंत लावलाता का तोंडात? आन आज? मग वाढला कशावरनं म्हंतीस?" ही रडकुंडीला आली. वर गंमत अशी, की काल खरंच काखेत लावलेला होता. तरीही तासाभराने मामा स्वतः एसटीने बारामतीला हजर झाले, दोन दिवस पोरीच्या उशाशी बसले आणि दर चार तासांनी तोच थर्मामीटर त्याच काखेत लावत राहिले.

पण मामा समजायचे असतील तर त्यांच्या कन्हेरीच्या घराची चौकट पाहायला हवी. स्वयंपाकघराच्या त्या चौकटीवर भाच्यापुतण्यांच्या उंचीच्या खुणा आहेत. मध्ये कधीतरी घरातली जुनी जाड शहाबादी उखडून नवी पातळ फरशी बसवली आणि पुढच्या दिवाळीला, तेव्हा शाळकरी असलेली ही चौकटीशी उभी राहिली, तर वर्षभरात वाढायच्या ऐवजी कमी भरली. सगळे हसले. मामा हसले नाहीत. खिशातून लाल पेन काढून त्यांनी त्या खुणेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "येथे फरशी बदलली. उंची सुमारे दोन बोटे कमी दिसेल. मुलगी खुजी झालेली नाही." ते अक्षर अजून आहे. देशाच्या कर्जाबद्दल मामांना जे काही म्हणायचं होतं, ते खरं तर या तीन वाक्यांत आलेलं आहे.

आता इंदापूरच्या सरांबद्दल. सर म्हणजे मामांचे शाळासोबती, पुढे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. दोघे एका सायकलवर शाळेत गेलेले. चढावर एकाने उतरायचं आणि उतारावर दोघांनी बसायचं, असा करार. साठी उलटली तरी दर पंधरा दिवसांनी भेट व्हायचीच. मग कॉलेजच्या वार्षिक अंकात सरांनी एक लेख लिहिला आणि सोबत देशाच्या कर्जाचा आलेख छापला. त्यात एका वर्षी रेघ एकदम वर उसळलेली होती आणि त्या वर्षीच्या सरकारने देश गहाण टाकला, असा खाली निष्कर्ष होता. अंकाच्या प्रकाशनाला मामा पहिल्या रांगेत. सरांचं बोलून झाल्यावर मामा उठले आणि म्हणाले, "ह्या वर्षी दमडीबी जादा घ्येतलेली न्हाय. आधीपस्तोर परदेशी कर्ज ज्या दिवशी घ्येतलं त्या दिवसाच्या डॉलरच्या भावानं मांडायचे. हितनं म्होरं आजच्या भावानं मांडलंय. दोन येगळ्या मापाच्या रेघा ह्यांनी जोडल्यात. ही चूक न्हाय, ही लबाडी हाय."

बरोबर होतं, पण लबाडी हा शब्द जरुरीचा नव्हता. समोर सरांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी बसलेले. सरांनी टोपी उचलली आणि ते सभागृहातून निघून गेले. त्यानंतर आठ वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. सोलापूरला जाताना एसटी इंदापूरला थांबली, तर मामा खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे.

तर अशा या मामांना इंदापूरच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं, आणि अध्यक्ष म्हणून सर! बोलावणाऱ्या तरुण कार्यवाहांना मागचं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं मामा नाही म्हणतील. ते ताबडतोब हो म्हणाले आणि लगेच माझ्याकडे आले, कारण माझा बारामतीत फ्लेक्स छापायचा धंदा आहे. नऊ वर्षांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "जावईबापू, ही मोठी करून द्या. शेवटच्या रांगंतल्या माणसाला दिसली पायजे." मागे उभ्या असलेल्या मामींनी जाताना मला बाजूला घेतलं. "आवं, सरांचं बोलणं तुटल्यापासनं ह्यांचा घास ग्वाड लागंना. बोलायचं लई हाय, पर तोंड कुठनं उघडायचं त्ये कळंना. ह्या कागदाच्या निमतानं काय झालं तर झालं. न्हाय झालं तर आता वयं काय ऱ्हायल्यात का?" मी म्हटलं, मामी, असा फ्लेक्स करतो की सर बघत राहतील.

आणि तो मी केला. आमच्या धंद्याची रीत सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचा प्रकार कळेल. वाढदिवसाचा फोटो आला की आम्ही न विचारता केस काळे करतो, हनुवटीखालचं मांस काढतो, दोन दातांतली जागा भरतो. कुणी आजवर तक्रार केलेली नाही. आणि मजकूर आम्ही वाचत नाही, बसवतो. मामांच्या आलेखाचा फोटो पडद्यावर घेतला तर रेघ तीन ठिकाणी तुटलेली. एका ठिकाणी संपायची आणि बोटभर जागा सोडून भलतीकडेच वर नाहीतर खाली सुरू व्हायची. मला वाटलं, म्हाताऱ्याचं पेन वाळलं असेल, कागद चिकटवताना सरकला असेल. मी तिन्ही जागा सफाईने जोडल्या, रेघेला लाल रंग दिला, खाली हलकी सावली सोडली, कडेने वेलबुट्टी काढली. तळटिपांना जागा उरेना म्हणून त्या मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबल्या. मामांना तो आधी बघायचा होता. मी म्हटलं, तिथेच बघा, मजा येईल. मीच म्हटलं होतं हे.

व्याख्यान दुपारी चारला होतं. मामांनी हट्टाने भिगवणवरून गाडी घ्यायला लावली, कारण मासळी खाल्ल्याशिवाय त्यांचा घसा मोकळा होत नसे. खाणावळीच्या दारात चिलापीचा भाव सांगणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "किलू म्हंजी साफ करायच्या आदी का मागनं?" बाई म्हणाल्या, "आदी. डोकं, खवलं, समद्यासकट." मामा खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघा, ह्या बाई सांगत्यात तरी. सरकारचंबी आसंच आसतं. सरकारनं दुसऱ्यांना दिलेलं वजा न करता कर्ज मोजलं तर एक आकडा, वजा करून मोजलं तर दुसरा. दोनी खरे. फकस्त कुठला त्ये सांगायचं." मग ताटावर बसल्यावर त्यांना बोलण्याची हुक्की आली. रस्सा ओरपत म्हणाले, "आलेखात काय बघायचं ठावं हाय का? रेघ न्हाय बघायची. रेघ कुणीबी काढतंय. ती तीन जागी तुटलीया, तितं बघायचं. मोजायची रीत बदलली की रेघ थांबवायची, जागा सोडायची आन नव्या रीतीची रेघ नव्यानं सुरू करायची. त्या तीन मोकळ्या जागा म्हंजी माझी नऊ वर्सं."

घास माझ्या घशातच अडकला. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "काटा लागला काय? सावकाश खा."

त्यानंतरचा तासभर मी कसा काढला, मला विचारू नका. गाडीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो फ्लेक्स पडला होता, आणि त्यात माझ्या मामेसासऱ्यांनी नऊ वर्षं राखलेल्या तिन्ही जागा मी बुजवून टाकल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी त्यांनी जन्माच्या मित्राला भर सभेत लबाड म्हटलं, तीच गोष्ट आता त्यांच्या नावाने, लाल रंगात, सावलीसकट त्याच मित्रासमोर टांगली जाणार होती. वाटेत डाळजला मी टायर बघायच्या निमित्ताने गाडी थांबवली. दुकानात परत जाऊन नवा छापून आणायला वेळ नव्हता. सांगून टाकावं, असा निश्चय करून मी मामांच्या खिडकीशी आलो.

"मामा, एक सांगायचं होतं."

"बोला की."

मामांनी नवं धोतर नेसलं होतं, आणि हातातल्या चिठ्ठीवरून ते ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. चिठ्ठीत सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "आधी सरांना नमस्कार करणे." माझा धीर सुटला. "टायर ठीक आहे," एवढंच मी म्हणालो. भित्रेपणा केला, आजही त्याची लाज वाटते.

वाचनालयाचं सभागृह भरलेलं होतं. सर आधीच खुर्चीवर बसले होते, फार वाळले होते. मामांनी चिठ्ठीबरहुकूम नमस्कार केला, सरांनी मान हलवली, पण नजर वर केली नाही. मी कार्यवाहांना म्हटलं, फ्लेक्स नको, पंख्याने फडफडेल. त्यांनी पंखा बंद केला. मग म्हटलं, भिंतीला पोपडे आले आहेत, खिळा धरणार नाही. त्यांनी दोन खांबांना दोरी बांधली. माझ्याच हाताने मला तो उलगडावा लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण दिसत तो देखणाच होता. मामा हसत हसत मागे वळले आणि वळलेलेच राहिले. त्यांच्या हातातली छडी पहिल्या जोडावर गेली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि खाली आली. सरांनी चष्मा पुसला, परत लावला, फ्लेक्सकडे एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं. आणि ते हळूच म्हणाले, "रेघ छान जुळून आली आहे."

एवढंच. मामांचा चेहरा मी तेवढा पांढरा कधी पाहिला नव्हता. मी उठून उभा राहिलो. "मामा, ते मी केलं. त्यांनी तुटलेलीच दिली होती. मी जोडली."

"का जोडलीत?" मामांचा आवाज अगदी बारीक होता.

"तुटकी बरी दिसत नव्हती म्हणून. छान दिसावी म्हणून."

"कुणाला फशिवायचं व्हतं का तुमच्या मनात?"

"नाही हो मामा! शप्पत."

मामांनी छडी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हे सभा सोडून जाणार, आणि पुन्हा कन्हेरीच्या बाहेर पडायचे नाहीत. मग ते माझ्याकडे पाठ करून सरांकडे वळले.

"सर, आठ वर्सांमागं तुमी आशीच रेघ जोडली व्हती. मी तुमाला लबाड म्हणालो. आज माझ्याच घरच्या माणसानं जोडली, आन त्याच्या मनात काय सुदिक न्हाय. छान दिसावी म्हणून जोडली बिचाऱ्यानं. तुटलेलं कुणालाच बघवत न्हाय." मामांचा आवाज फाटला. "तुमच्याबी मनात काय नसंल. त्यो सबुद मी मागं घ्येतो. समद्यांसमोर बोललो व्हतो, म्हणून समद्यांसमोरच घ्येतो."

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्यापुढे हात केला. माझ्या खिशात धंद्याचा कटर असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तो घेऊन ते फ्लेक्सकडे गेले आणि पहिल्या जोडावर पातं लावलं. आता फ्लेक्स काही सुखासुखी कापला जात नाही, ताण नसेल तर तो पात्याबरोबर सरकतो. मामा खुपसायचे आणि तो मागे जायचा. मी पुढे होणार, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उठले होते. फ्लेक्सची कड दोन्ही हातांनी घट्ट ताणून धरत ते म्हणाले, "कापा आता."

पुढचं व्याख्यान दोघांनी मिळून दिलं, असंच म्हणायला हवं. पहिला तुकडा कापताना मामांनी डॉलरचा भाव सांगितला. दुसऱ्याला सांगितलं, की पोस्टातली लोकांची बचत केंद्राकडे जमायची, त्यातला राज्यांना दिलेला वाटाही केंद्राच्या कर्जात दिसायचा. पुढे त्याचा वेगळा फंड मांडला आणि कुणी एक रुपया न फेडता रेघ खाली आली. तिसऱ्याला सांगितलं, की सरकारसाठी महामंडळांनी काढलेली कर्जं आधी सरकारच्या पुस्तकाबाहेर असायची, ती आत घेतली आणि रेघ वर गेली. तिसरा तुकडा कापताना सर म्हणाले, "दोन बोटं डावीकडे. ते त्याच्या आधीच्या वर्षी आलं." मामांनी वाकून तळटीप पाहिली आणि म्हणाले, "व्हय की. बरूबर हाय तुमचं." शेवटी मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, मग देशावर कर्ज नक्की आहे तरी किती? मामा म्हणाले, "आदी सांगा, साफ करून का खवल्यासकट?" त्यावर सगळ्यात मोठ्याने सर हसले. अध्यक्षीय भाषण त्यांनी एका ओळीत संपवलं. "रेघ तुटलेलीच बरोबर होती. मला तेव्हाही माहीत होतं." मामांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पंखा लावायला सांगितला.

त्यानंतर तीन वर्षं दर पंधरवड्याला सर कन्हेरीला यायचे, नाहीतर मी मामांना इंदापूरला सोडायचो. फ्लेक्स माझ्या दुकानात लावला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हा असा फाटका का ठेवलाय? मी म्हणतो, यातलं फाटलेलं तेवढंच बघण्यासारखं आहे.

मागच्या पौषात मामा गेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स अर्थातच मला करायचा होता. फोटो पडद्यावर घेतला आणि सवयीने हात केसांकडे गेला, तो मागे घेतला. पांढरे केस, गालावरचे खळगे, पुढच्या दोन दातांतली जागा, सगळं होतं तसं ठेवलं. आणि तळाशी, वाचता येईल अशा अक्षरात, एक ओळ बसवली, "फोटो चार वर्षांपूर्वीचा. नंतर तब्येत उतरली होती. माणूस तोच होता."

दहाव्याला सर आले. काठी टेकत फ्लेक्ससमोर गेले, वर न बघता आधी कष्टाने खाली वाकले आणि ती तळाची ओळ सावकाश वाचली. मग सरळ होऊन त्यांनी मामांकडे पाहिलं.